शिल्लक जागेचा हिशोब : प्रस्तावना

२९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधले मोटारजुळणीचे सगळे १४ कारखाने थांबले. आदल्या वर्षी, मार्च २०२२ मध्ये, एका पुरवठादारावर सायबर हल्ला झाल्यामुळे टोयोटाला असंच काम बंद ठेवावं लागलं होतं. त्यामुळे या वेळीही पहिली शंका आली ती हल्ल्याचीच. आठवडाभराने, ६ सप्टेंबरला, कंपनीने खरं कारण जाहीर केलं. सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या सर्व्हरवर २७ ऑगस्टला ठरलेली देखभाल झाली होती. डेटाबेसमध्ये साठलेला डेटा काढणं, आवरणं असं ते काम. ते चालू असताना डिस्कवरची जागा संपली आणि यंत्रणा बंद पडली. पर्यायी सर्व्हर होता, पण तोही त्याच यंत्रणेचा भाग असल्याने तिथेही तेच झालं. शेवटी जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर डेटा हलवला, तेव्हा कारखाने पुन्हा चालू झाले.

गोदामात एक बोल्टही गरजेपेक्षा जास्त न ठेवण्यासाठी जगभर नाव असलेली ही कंपनी, आणि तिला नडली डिस्कवरची जागा. या प्रसंगातली मला सगळ्यांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी की, साफसफाई करतानाच जागा संपली. बहुतेक डेटाबेसमध्ये ओळी काढायच्या तर काढल्याची नोंदही आधी डिस्कवर लिहावी लागते. आवरायला घेतलं की पसारा आधी वाढतो आणि मग कमी होतो. म्हणून 'भरली की बघू' हे धोरण चालत नाही. भरल्यावर बघायलाही जागा लागते.

टोयोटासारख्यांकडे निस्तरायला माणसं असतात. हे पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर होती ती एकटी माणसं. तालुक्याच्या कॉलेजातली लॅब सांभाळणारा, पतसंस्थेच्या शाखांमधले संगणक पाहणारी, हॉस्पिटलचे एक्स-रे आणि सोनोग्राफी जिथे साठतात तो सर्व्हर ज्याच्या गळ्यात आहे असा कुणी. हुद्दा काही का असेना, ऑफिसात यांना 'कॉम्प्युटरवाले' म्हणतात आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक यांनाच. मशीन दहा असतील, नाहीतर शंभर. काही शेजारच्या खोलीत, काही दुसऱ्या गावच्या शाखेत, काही कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेली. रोज प्रत्येक मशीनवर लॉगिन करून जागा बघायची असं ठरवलं जातं, पहिला आठवडा ते पाळलं जातं आणि मग सुटतं. त्यात माणसाचा आळस नसतो. हे काम माणसाच्या स्वभावाचं नाहीच. ते स्क्रिप्टचं काम आहे.

डिस्क भरल्यावर काय होतं, हे आधी नीट पाहून घेऊ, कारण 'मशीन बंद पडतं' असं म्हणणं ढोबळ आहे. मशीन चालूच असतं, पिंगला उत्तर देत असतं, बऱ्याचदा लॉगिनही होतं. लिहिणं मात्र थांबतं. लिनक्सवर प्रत्येक प्रोग्रामला २८ क्रमांकाची चूक परत मिळते, आणि ती मिळाल्यावर काय करायचं हे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवलेलं असतं. डेटाबेस नव्या नोंदी नाकारतो. मेल रांगेत अडकते. लॉगमध्ये ओळ पडत नाही, म्हणजे बिघाड झाला तेव्हा काय चाललं होतं याचा पुरावाही मागे राहत नाही. सगळ्यांत वाईट प्रकार सेटिंगच्या फाइलींचा. पायथनमध्ये एखादी फाइल नव्याने लिहिण्यासाठी उघडली की उघडताक्षणी ती रिकामी होते, मजकूर नंतर जातो. मधल्या काळात डिस्क भरलेली निघाली, तर जुना मजकूर गेलेला आणि नवा आलेला नाही, अशी शून्य बाइटची फाइल हातात राहते. नंतर जागा मोकळी करूनही तो प्रोग्राम सुरू होत नाही, आणि शोधणारा दिवसभर भलतीकडेच शोधत बसतो. सुरक्षित लिहिण्याची पद्धत साधी आहे: आधी शेजारी दुसऱ्या नावाने लिहायचं, नीट लिहिलं गेलं की नाव बदलायचं. या पुस्तकातल्या सगळ्या स्क्रिप्ट तसंच करतात.

जागा विचारण्याची सोय युनिक्सइतकीच जुनी. १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये डीएफ आणि डीयू या दोन्ही कमांड आहेत. पहिली डिस्कवर किती मोकळं आहे ते सांगते, दुसरी कुठल्या फोल्डरने किती खाल्लं ते. तेव्हा विचारणारा त्याच मशीनला जोडलेल्या टर्मिनलसमोर असे. दुरून विचारण्याची सोय पुढे आली, पण टेलनेट आणि आरएसएचच्या काळात पासवर्ड तारेतून उघडा जायचा. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. पायथन त्याआधीचं, १९९१ चं. ही दोन साधनं एकत्र आली की दुरून विचारण्याचा तांत्रिक प्रश्न जवळजवळ संपतो. शंभर मशीनना 'किती जागा उरली' असं विचारणारी स्क्रिप्ट तीस ओळींत बसते, आणि ती तुम्ही एका दुपारी लिहू शकता.

मग एवढं पुस्तक कशाला? कारण आलेला आकडा कशाचा आहे, हे कळायला दुपार पुरत नाही.

एक उदाहरण घेऊ. १०० जीबीची डिस्क आहे आणि तिच्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम आहे. ती बनवताना मुद्दाम काही सांगितलं नसेल, तर ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते, म्हणजे साध्या वापरकर्त्यांनी डिस्क काठोकाठ भरली तरी रूटला हालचाल करता यावी. आता ७६ जीबी वापरलेली आहे, तर साध्या वापरकर्त्याला उरली १९, राखीव ५. डीएफला विचारलंत तर ती ७६ ला ९५ ने भागते आणि ८० टक्के सांगते. पायथनमध्ये ३.३ या आवृत्तीपासून शटिल मॉड्यूलमध्ये डिस्क-यूसेज हे फंक्शन आहे. ते एकूण, वापरलेली आणि मोकळी असे तीन आकडे देतं, टक्केवारी देत नाही. बहुतेक जण साहजिकच वापरलेलीला एकूणने भागतात आणि त्यांना ७६ मिळतात. त्याच मशीनवर पीएसयूटिल हे लोकप्रिय पॅकेज वापरलं तर ते डीएफच्या पद्धतीने भागतं आणि पुन्हा ८० येतात. डिस्क तीच, क्षण तोच, उत्तरं दोन. '८० झाले की मला कळव' असं तुम्ही ठरवलं असेल, तर एक स्क्रिप्ट ओरडेल आणि दुसरी गप्प बसेल. फरक ४ टक्क्यांचा दिसतो, पण डिस्क पूर्ण भरल्यावर, म्हणजे साध्या वापरकर्त्याला एक बाइटही लिहिता येत नाही अशा वेळी, दुसरी स्क्रिप्ट ९५ टक्के दाखवत असते. बघणाऱ्याला वाटतं, अजून पाच टक्के आहेत की!

यात कुणाचंही चुकलेलं नाही. तिघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची खरी उत्तरं दिली आहेत. आपल्याला कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे ते आपण ठरवायचं असतं, आणि माझ्या मते ते नेहमी एकच असावं: ज्या वापरकर्त्याच्या नावाने तुमचा डेटाबेस किंवा वेब सर्व्हर चालतो, त्याला अजून किती लिहिता येईल?

मापांचा घोळ त्याच जातीचा. डिस्क विकणारा एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं मोजतो. मशीन १०२४ च्या पटीत मोजतं आणि त्याच डिस्कला ९३१ जीबी म्हणतं. वेगळी नावं द्यावीत म्हणून १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने किबी, मेबी, गिबी अशी मापं ठरवून दिली, पण बोलताना ती कुणी वापरत नाही. स्क्रिप्टपुरता नियम सोपा: आत सगळीकडे बाइट, माणसाला दाखवताना शेवटच्या ओळीत एकदाच रूपांतर. डीएफचं माणसांसाठी सजवलेलं, जी आणि एम लावलेलं उत्तर मागवून ते पायथनमध्ये पुन्हा आकड्यांत सोडवत बसणारे लोक मी खूप पाहिले आहेत. एकदा ढोबळ झालेला आकडा पुन्हा नेमका होत नाही.

आता थोडं खोलात, कारण 'डिस्क फुल' म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी चिवट तक्रारी इथे राहतात. एखाद्या सेवेचा लॉग चाळीस जीबीचा झालेला दिसतो. कुणीतरी तो पुसून टाकतं. डीयू सांगते, फोल्डर रिकामा. डीएफ सांगते, जागा तेवढीच भरलेली. कारण ती फाइल अजून त्या सेवेने उघडून ठेवलेली असते. युनिक्समध्ये पुसणं म्हणजे नाव काढणं. जोवर कुणीतरी ती उघडी धरून आहे, तोवर तिची जागा सुटत नाही. सेवा बंद करून चालू केली की चाळीस जीबी एका क्षणात परत येतात. दुसरा प्रकार याच्या उलट दिसतो, पण असतो तसाच: एखाद्या फोल्डरवर बाहेरची डिस्क जोडायची असते, ती कधीतरी जोडली गेली नाही, बॅकअप रात्रभर मूळ डिस्कवरच लिहीत राहिला, आणि सकाळी कुणीतरी बाहेरची डिस्क जोडली. आता तो बॅकअप तिच्याखाली झाकला गेला आहे. डीयूला तो दिसत नाही, डीएफच्या हिशोबात मात्र आहे. म्हणून अहवालात डीएफ आणि डीयू या दोघांच्या आकड्यांतली तफावतही नोंदवावी असा माझा आग्रह आहे. तफावत हीच पुष्कळदा खरी बातमी असते. अर्थात डीयूला प्रत्येक फाइल पाहत जावं लागतं, त्यामुळे ती रोज रात्री एकदा, मशीनवर भार नसताना. डीएफ हवं तर दर पाच मिनिटांनी.

आणि आयनोड. ईएक्सटी४ मध्ये फाइल कितीही छोटी असली तरी तिला एक आयनोड लागतो, आणि किती आयनोड असणार हे फाइल सिस्टिम बनवतानाच ठरतं. नेहमीच्या मापाने दर १६ केबीला एक. १०० जीबीवर ते साधारण ६५ लाख होतात. वेबसाइटच्या सेशनच्या फाइली, न गेलेल्या मेल, कॅशचे तुकडे यांनी एवढे आयनोड संपवणं अवघड नाही. मग गोदाम अर्धं रिकामं असूनही आवक-वहीत पानच उरलेलं नाही, अशी गत होते. चूक तीच येते, २८ क्रमांकाची, 'जागा नाही'. डीएफ मात्र पन्नास टक्के मोकळं दाखवत असते. एक्सएफएसमध्ये आयनोड लागतील तसे बनत जातात, म्हणून हा त्रास कमी. बीटीआरएफएस तर आयनोडांची एकूण संख्या शून्य सांगते, आणि टक्केवारी काढायला गेलेली बेसावध स्क्रिप्ट शून्याने भागून कोसळते.

फाइलींच्या नुसत्या संख्येने काय होऊ शकतं, याची सर्वांत गाजलेली कथा पृथ्वीवरची नाही. स्पिरिट हे नासाचं रोव्हर ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर गुसेव विवरात उतरलं. २१ जानेवारीला ते जवळजवळ गप्प झालं. त्याच्यावर २५६ एमबीची फ्लॅश मेमरी होती, आणि प्रवासाच्या सात महिन्यांत व नंतर तिच्यावर फाइलींची गर्दी झाली होती. फ्लॅश भरून वाहत होती अशातला भाग नाही. पण इतक्या फाइलींची यादी सांभाळायला लागणारी रॅम पुरेना. मशीन अडकायचं, स्वतःला पुन्हा सुरू करायचं, सुरू होताना तीच यादी वाचायला जायचं आणि पुन्हा अडकायचं. असं साठाहून अधिक वेळा झालं. झोपायचं ते झोपेना, बॅटरी उतरत चालली. पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांनी कारण ताडलं आणि फ्लॅशला हात न लावता सुरू हो, असा आदेश धाडला. तो लागू पडला. मग नको असलेल्या फाइली काढल्या, पुढे फ्लॅश नव्याने फॉरमॅट केली. ९० मंगळ-दिवसांसाठी पाठवलेलं ते रोव्हर मार्च २०१० पर्यंत बोलत राहिलं.

दूरच्या मशीनची देखभाल करणाऱ्याने या प्रकरणातून घ्याव्यात अशा दोन गोष्टी आहेत. एक, ज्या आकड्यावर लक्ष होतं तो आकडा ठीक असतानाही बिघाड झाला. दोन, डिस्कशिवाय सुरू होण्याची एक वाट आधीपासून ठेवलेली होती. तुमच्या दुसऱ्या गावच्या सर्व्हरला अशी वाट आहे का, हे स्क्रिप्ट सांगणार नाही. ते जाऊन पाहायला हवं.

तिथवर पोचायचं कसं, हा पुस्तकाचा मधला भाग. मार्ग अनेक आहेत. एसएनएमपीने विचारता येतं. राउटर, साठवणपेट्या अशा वस्तूंना बहुधा तसंच विचारावं लागतं. पण तिथे एक जुनी गाठ आहे. डिस्कचा आकार ज्या खान्यात येतो तो ३२ बिटांचा, चिन्ह धरणारा आहे. ४ केबीच्या ठोकळ्यांत मोजलं तर ८ टीबीच्या पुढे तो खाना पुरत नाही आणि काही उपकरणं सरळ उणे आकडा पाठवतात. उणे जागा पाहून घाबरू नका, पण तो आकडा सरासरीतही धरू नका. विंडोजची मशीन असतील तर डब्ल्यूएमआयला लॉजिकल डिस्कची यादी मागायची आणि त्यातली फक्त तिसऱ्या प्रकारची, म्हणजे मशीनमध्येच बसवलेली, निवडायची. नाहीतर सीडीचा ड्राइव्ह आणि जोडलेली नेटवर्क डिस्क अहवालात घुसते. विंडोजवर मी एक प्रकरण दिलं आहे, त्याहून जास्त नाही.

लिनक्ससाठी मी एसएसएच निवडलं आहे. पायथनमधून एसएसएच करायला पॅरामिको आहे, चांगलं आहे, पण सुरुवातीला मशीनवर असलेला साधा एसएसएच प्रोग्रामच सबप्रोसेसमधून चालवा असा माझा सल्ला. तुमच्या सेटिंगच्या फाइली, किल्ल्या, मधल्या मशीनवरून उडी मारून जायची व्यवस्था, सगळं आपोआप लागू होतं. पॅरामिकोची जी उदाहरणं सर्वत्र फिरतात, त्यात एक ओळ हमखास असते, अनोळखी मशीनची किल्ली न विचारता स्वीकारणारी. एसएसएच ज्या फसवणुकीविरुद्ध उभं केलं गेलं, तिलाच ती ओळ दार उघडून देते. उदाहरणात ती असते कारण तिच्यावाचून उदाहरण पहिल्या फटक्यात चालत नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ती नको.

किल्लीचंही तसंच. शंभर मशीनवर विनापासवर्ड जाणारी किल्ली एका मशीनवर ठेवणं म्हणजे ते एक मशीन शंभरांइतकं मोलाचं करणं. आपल्याला करायचंय काय, तर जागा विचारायची. त्यासाठी पूर्ण लॉगिन कशाला? दूरच्या मशीनवर अधिकृत किल्ल्यांच्या फाइलीत त्या किल्लीपुढे ठरावीक कमांड लिहून ठेवता येते. ती किल्ली घेऊन कुणीही आलं तरी तेवढीच कमांड चालते, दुसरी नाही. कमांड म्हणून मी तिथे पायथनची पंधरा-वीस ओळींची छोटी स्क्रिप्ट ठेवतो, जी फाइल सिस्टिमला स्वतः विचारते आणि उत्तर जेसनमध्ये छापते. डीएफचा मजकूर शब्द मोजून तोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. डीएफचं शीर्षक मशीनच्या भाषेप्रमाणे बदलतं, डिव्हाइसचं नाव लांब असलं तर जुन्या आवृत्त्यांत ओळ दोन ओळींत मोडते, आणि कुणीतरी फोल्डरच्या नावात मोकळी जागा ठेवलेली असते. डीएफच वापरायची वेळ आली तर पोझिक्स पद्धतीचं उत्तर मागा आणि भाषा सी ठेवा.

थांबण्याचं भान स्क्रिप्टला द्यावं लागतं. एसएसएचला जोडणीची मुदत सांगता येते, पण ती जोडणीपुरतीच. मशीन जोडलं गेलं आणि पुढे डीएफ अडकली तर? एनएफएसने जोडलेला दूरचा सर्व्हर मेलेला असेल तर डीएफ तासन् तास बसून राहते, सहजासहजी मरतही नाही. म्हणून सबप्रोसेसला वेगळी मुदत, आणि शक्य तिथे फक्त स्थानिक डिस्कच विचारायच्या. एकेक मशीन विचारत गेलं तर शंभर मशीन, प्रत्येकी तीन सेकंद, म्हणजे पाच मिनिटं; वीस धागे लावले तर पंधरा सेकंद. पायथनमध्ये ३.२ पासून असलेलं थ्रेडपूल त्याला पुरतं. यापेक्षा जास्त चतुराईची गरज शंभर मशीनवाल्याला पडत नाही.

आता अहवाल. इथे मी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक स्क्रिप्ट इथे आल्यावर लिहिणाऱ्याचा रस संपलेला असतो.

अहवालात सर्वांत वर कोण? नव्वदी ओलांडलेली मशीन, असं बहुतेक जण म्हणतील. माझं मत वेगळं आहे. सर्वांत वर ज्यांनी उत्तर दिलं नाही ती. पुष्कळ स्क्रिप्ट चूक आली की ती गिळतात आणि पुढच्या मशीनकडे जातात. अहवालात ते मशीन दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते ठीक आहे असं वाचणारा धरून चालतो. काही स्क्रिप्ट उत्तर न आल्यास शून्य लिहितात, ते तर आणखी वाईट, कारण शून्य टक्के भरलेली डिस्क फारच छान दिसते. विचारायच्या मशीनची यादी आणि उत्तर आलेल्यांची यादी या दोन वेगळ्या याद्या आहेत, आणि त्यांची वजाबाकी रोज छापली गेली पाहिजे.

रोज 'सर्व ठीक' असा मेल पाठवणारी स्क्रिप्ट महिन्याभरात कुणी वाचत नाही. मेलला फिल्टर लागतो. फक्त बिघाडाला मेल पाठवणारी स्क्रिप्ट स्वतःच बंद पडली तर शांतता पसरते आणि ती शांतता सुखाची वाटते. पुस्तकात मी मधला रस्ता घेतला आहे: अहवाल रोज एका पानावर लिहिला जातो, त्यावर तयार झाल्याची वेळ ठळक असते, मेल जातो तो फक्त काही बदललं तर, आणि ते पान शिळं झालं आहे का, हे पाहणारी दोन ओळींची स्क्रिप्ट दुसऱ्याच एका मशीनवर असते. खोट्या हाका आधीच कमी करा. उबंटूवर स्नॅपच्या फाइल सिस्टिम फक्त वाचायच्या असतात, म्हणून त्या नेहमीच शंभर टक्के भरलेल्या दिसतात. त्या गाळल्या नाहीत तर अहवाल पहिल्या दिवसापासून लाल असतो, आणि लाल रंगाची सवय लागते.

टक्केवारीवर फार विसंबू नका. १० टीबीची डिस्क ९० टक्के भरली तरी एक टीबी शिल्लक आहे. २० जीबीचं रूट पार्टिशन ७० टक्के भरलं तर उरले ६ जीबी, जे एखादी बिथरलेली सेवा चहा पिऊन येईपर्यंत लॉग लिहून संपवते. त्याहून उपयोगाचा प्रश्न म्हणजे या वेगाने किती दिवस पुरेल. त्यासाठी रोजचा आकडा साठवावा लागतो. एसक्यूलाइटची एक फाइल पुरते, वर्षभराची नोंदही काही एमबींत मावते. पण सरळ रेष ओढून मोकळे होऊ नका. पतसंस्थेत मार्चअखेर असते, कॉलेजात निकाल आणि प्रवेश असतात, साखर कारखान्यात गळीत हंगाम असतो. ऑक्टोबरच्या वेगाने काढलेले दिवस मार्चमध्ये खोटे ठरतात. हा भाग तुमच्या ऑफिसचं कॅलेंडर जाणणाऱ्यालाच लिहिता येतो. मी फक्त जागा सोडली आहे.

एक गोष्ट मी मुद्दाम केलेली नाही. या पुस्तकातली एकही स्क्रिप्ट काहीही पुसत नाही. जागा कमी झाली की जुने लॉग आपोआप उडवणारी स्क्रिप्ट लिहिणं सोपं आहे आणि मागणीही तिलाच असते. पण बघणारा आणि पुसणारा हे दोन वेगळे अधिकार आहेत, ते एका किल्लीवर नसावेत.

शेवटी तो प्रश्न, जो कुणीतरी विचारणारच. झॅबिक्स आहे, नागिऑस आहे, प्रोमिथियस आहे. मग हाताने स्क्रिप्ट कशाला? शंभरच्या पुढे गेलात, चोवीस तासांची जबाबदारी आली, तर ती साधनं जरूर बसवा. त्यांना पर्याय म्हणून हे पुस्तक नाही. पण प्रोमिथियसचा नोड एक्स्पोर्टर मोकळी जागा आणि उपलब्ध जागा असे दोन वेगवेगळे आकडे देतो, आणि त्यातला कुठला आलेखात घ्यायचा हे तुम्हालाच ठरवावं लागतं. ज्याने एकदा स्वतः भागाकार केला आहे आणि ७६ व ८० मधला फरक पाहिला आहे, तो योग्य आकडा निवडतो. बाकीचे यादीत जो आधी येतो तो.

वाचणाऱ्याला एवढंच सांगायचं. दूरच्या मशीनवर चालणाऱ्या स्क्रिप्ट पायथन ३.६ वर चालतील अशा ठेवल्या आहेत, कारण रेड हॅट ८ वर मुळातली आवृत्ती तीच आहे. वेगळं पॅकेज बसवावं लागत नाही. ज्या मशीनची जबाबदारी तुमची नाही, तिथे परवानगी घेतल्याशिवाय किल्ली ठेवू नका. पहिलं प्रकरण वाचायच्या आधी कागद घ्या आणि आपल्याकडे कुठली मशीन आहेत त्यांची यादी आठवून लिहा. मग ती मालमत्ता नोंदवहीशी ताडून पाहा. दोन्हींत जी मशीन जुळणार नाहीत, तिथून कामाला लागा.